दमून आलेल्यांचा वर्ग

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचं वर्गात लक्ष नसतं, ही तक्रार आयटीआयपासून गल्लीतल्या टॅलीच्या क्लासपर्यंत सगळीकडे ऐकू येते. मोबाईल बघतात. जांभया देतात. उशिरा येतात आणि लवकर निघतात. ऑगस्टमध्ये भरलेला वर्ग दिवाळीनंतर विरळ होतो. मग स्टाफरूममध्ये निदान होतं: यांना शिकण्यात रसच नाही, यांना फक्त सर्टिफिकेट हवं आहे.

हे निदान चुकीचं आहे आणि अन्यायाचंही आहे.

हा माणूस वर्गात पोचतो कसा, ते बघा. आठ तास मशिनपुढे उभं राहून, ओव्हरटाइमचे पैसे सोडून, गच्च भरलेल्या बसमधून. बाई पोचते ती रात्रीचा स्वयंपाक आधीच उरकून, पोरांना शेजारी सोपवून, घरातली कुजबुज ऐकून न ऐकल्यासारखी करून. फी पगारातून काढलेली असते, नाहीतर बचत गटाच्या कर्जातून. ज्याला रस नाही तो घरी झोपतो. बाकावर येऊन बसलेल्या माणसाने आपला रस आधीच सिद्ध केलेला आहे. विसाव्या मिनिटाला त्याचा हात मोबाईलकडे गेला, तर त्या वीस मिनिटांत त्याच्या पदरात काय पडलं, हे आधी विचारा.

अठरा वर्षांचा पोरगा कंटाळला तरी बसून राहतो. घरचा धाक असतो, शेजारी मित्र असतो, बाहेर जाऊन करायचं काय हा प्रश्न असतो. पस्तिशीच्या माणसावर कुणाचा धाक नाही आणि बाहेर करायला कामं ढीगभर आहेत. तो रोज नव्याने हिशोब मांडतो: आजचा तास बुडवला तर माझं काय बुडेल? उत्तर ‘काहीच नाही’ असं दोन-तीनदा आलं की तो येत नाही. भांडत नाही, अर्ज करत नाही, फीही परत मागत नाही. नुसता यायचा थांबतो. आणि संस्था त्याला ‘गळती’ असं नाव देऊन मोकळी होते.

आधी वेळेचं बोलू.

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा. मोठे कारखाने तीन पाळ्यांत चालतात आणि कामगाराची पाळी बहुतेक ठिकाणी आठवड्याने बदलते. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. आता याच कामगारांसाठी म्हणून काढलेला संध्याकाळी साडेसहाचा वर्ग घ्या. फर्स्टवाला येईल. नाईटवालाही येईल, पण रात्रभराचं काम पुढ्यात ठेवून. सेकंडवाला त्या वेळी मशिनवर असेल. म्हणजे दर तिसरा आठवडा त्याच्या अभ्यासक्रमातून कापलेला आहे, आणि तो कापला आहे वेळापत्रक लिहिणाऱ्याने. एक आठवडा हुकला की पुढचा धडा कळत नाही. कळला नाही की माणूस मागच्या बाकावर जातो. तिथून दार जवळच असतं.

तोच धडा त्याच आठवड्यात सकाळीही घ्या आणि संध्याकाळीही घ्या. ज्याला जो जमेल त्या तासाला त्याला बसू द्या. शिक्षकाचे तास वाढतील, त्याचे पैसे द्यावे लागतील. द्या. जाहिरातीच्या फ्लेक्सवर होणारा खर्च इथे वळवला तरी बरंच भागेल.

यात नवं काही नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा असून नसल्यासारखी आहे, हे त्यांना कळलं होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा तिथले वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला कॉलेज करून कामावर जाता येईल. 1967 मध्ये देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ मुंबईतच निघालं. कामगाराला त्याच्या कामाला लागून असलेलं शिक्षण द्यायचं, हा त्यामागचा विचार होता. आज देशभर असलेली जन शिक्षण संस्थानं त्याच कल्पनेची पुढची पिढी आहेत. या सगळ्यांनी शिकणाऱ्याचा दिवस आधी पाहिला आणि घंटा नंतर बांधली.

आज पहिलं काय बसवलं जातं? बायोमेट्रिक.

आयटीआयमध्ये 80 टक्के हजेरीची अट असते. अट वाईट नाही. हाताने करायचं काम घरी बसून शिकता येत नाही, हे मला मान्य आहे. पण हजेरी मोजणं आणि हजर राहता येईल अशी सोय करणं ही दोन्ही संस्थेचीच कामं आहेत. यातलं पहिलं काटेकोर करायचं आणि दुसऱ्याकडे बघायचंच नाही, याला शिस्त म्हणत नाहीत.

आता वर्गाच्या आत येतो. इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे.

टर्नरचा वर्ग आहे असं धरा. वर्कशॉप कॅल्क्युलेशनचा तास. निदेशक फळ्यावर कटिंग स्पीडचं सूत्र लिहितात: पाय गुणिले व्यास गुणिले आरपीएम, भागिले हजार. खाली एक उदाहरण. मागे एक चाळिशीचा माणूस बसलेला आहे. वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला, बघून बघून लेथ शिकला, आता वर्षानुवर्षं लेथच चालवतो. कागद नाही म्हणून पगार मात्र हेल्परचाच. फळ्यावरचा ‘पाय’ दिसताच त्याला दहावीचा गणिताचा पेपर आठवतो, ज्यात तो गचकला होता. तो वही मिटतो. फळ्यावर जे लिहिलं आहे ते या खोलीत सगळ्यात जास्त ज्याला येतं, नेमका तोच आता ऐकायचा थांबलेला आहे.

हाच तास उलट्या बाजूने घेऊन बघा. सूत्र पुसून टाका. त्यालाच विचारा, “दादा, पन्नास एमएमचा माइल्ड स्टीलचा बार आहे, एचएसएसचं टूल आहे. मशीन किती आरपीएमला लावाल?”

तो म्हणेल, “दोनशेच्या आसपास.”

“आणि पंचवीसचा बार असेल तर?”

“मग चारशेच्या जवळ.”

“का?”

इथे तो जरा अडखळेल. “बारीक बार हळू फिरवला तर फिनिश येत नाही,” असं काहीतरी सांगेल. पन्नासचा बार चारशेला लावला तर काय होईल, हे विचारा. ते तो न अडखळता सांगेल: टूल तापणार, चिप निळी पडणार, धार जाणार.

आता सूत्र लिहा. माइल्ड स्टीलला एचएसएस टूलने मिनिटाला साधारण 30 मीटरचा वेग धरतात. 30 ला 1000 ने गुणा, 3.14 गुणिले 50 ने भागा. उत्तर येतं 191. पंचवीसच्या बारला तेच गणित करा. 382. त्याचे दोनशे आणि त्याचे चारशे. व्यास निम्मा झाला की आरपीएम दुप्पट, हे त्याच्या हाताला आधीपासून माहीत होतं, आता त्याचं कारण त्याच्या वहीत उतरलं. ‘पाय’ कुठून आला, हेही आता सांगता येतं. बार एकदा फिरला की टूलखालून त्याचा पूर्ण परीघ सरकतो, आणि परीघ म्हणजे पाय गुणिले व्यास. दहावीत हे त्याला कुणी असं दाखवलं नव्हतं, कारण दहावीत त्याच्यासमोर फिरणारा बार नव्हता.

इथेच थांबू नका, कारण आता तो तुमच्याबरोबर कुठेही यायला तयार आहे. त्याला सीएनसीवर न्या. व्यास कमी होत जाईल तसे आरपीएम वाढले पाहिजेत, हे झालंच आहे. सीएनसी लेथवर जी-96 ही आज्ञा नेमकं हेच काम आपोआप करते, कटिंग स्पीड कायम ठेवते. मग प्रश्न टाका: बारचं तोंड फेसिंग करताना टूल बरोबर मध्यावर पोचलं, तिथे व्यास किती? शून्य. मग मशीन आरपीएम किती करायला बघेल? वर्ग विचारात पडेल. उत्तर तोच देईल: जितकं जाईल तितकं. अशा वेगाला चकच्या जॉची पकड सैल होते आणि जॉब उडू शकतो, हे त्याला समजावायला आकृती लागत नाही. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला उडालेल्या जॉबचं भय माहीत असतं. म्हणून फॅनुक कंट्रोलवर जी-50 ने कमाल आरपीएमची मर्यादा आधी घालायची. प्रोग्रॅममधली ही ओळ तो कधीही विसरणार नाही. त्याच्या शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगाही विसरणार नाही, कारण ती ओळ कशासाठी आहे हे त्याने तिथल्या तिथे एका अनुभवी माणसाच्या तोंडून ऐकलं.

एवढं सगळं एका तासात होतं. मोबाईल कुणी काढला नाही, हे वेगळं सांगायला नको. काढला असेल तर कॅल्क्युलेटरसाठी.

मोठ्या माणसाला शिकवताना त्याला जे येतं ते आधी टेबलावर यायला हवं. तो आयुष्य घेऊन वर्गात आलेला असतो. शिक्षकाने पहिल्याच तासाला ते आयुष्य दाराबाहेर ठेवायला लावलं, तर आत येतो तो फक्त दमलेला देह. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 मध्ये आली, तिच्यात आधीच्या अनुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. फार चांगली गोष्ट. पण प्रमाणपत्र देताना अनुभव मोजायचा आणि शिकवताना तोच अनुभव शून्य धरायचा, हे चालणार नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर जात, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खातं सगळं विचारता. ‘आजवर काय काम केलंत?’ या प्रश्नाला अर्धं पान द्या. आणि तो फॉर्म शिकवणाऱ्याच्या हातात पोचवा, ऑफिसच्या कपाटात नको.

नर्सिंगच्या वर्गातही हेच. दवाखान्यात आया म्हणून राबलेली बाई आता रीतसर शिकायला आली आहे. सलाइनचे थेंब मोजायचं गणित फळ्यावर येतं: 500 मिलिलिटर, चार तास, एका मिलिलिटरला 20 थेंब. 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. तिने सलाइनच्या बाटल्या हजारोंनी पाहिल्या आहेत. पेशंटने हात दुमडला की थेंब मंदावतात, बाटली खाली आली की मंदावतात, हे तिला ठाऊक आहे. पुस्तकातला मजकूर इंग्रजी असतो म्हणून ती गप्प बसते. तिला विचारा, सलाइन वेळेआधी संपलं तर तुम्ही काय काय होताना पाहिलं? ती बोलू लागली की वर्ग ऐकतो. मग सांगा की पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडले पाहिजेत, घड्याळ धरा आणि मोजा.

तिला गप्प करणारी दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती शरमेची आहे. मुलीच्या वयाच्या पोरींसमोर चूक झाली तर? हे भय वरवर दिसत नाही. ‘मॅडम, मला समजलं’ असं म्हणून ती लपवते. म्हणून उभं करून प्रश्न विचारणं मोठ्यांच्या वर्गात बंद करा. दोघींना मिळून एक उत्तर काढायला सांगा, एक चाळिशीची, एक विशीची. एकीला गणित पटकन येतं, दुसरीला पेशंट कळतो. ‘ए मुलींनो’ ही हाक बंद करा. ताई म्हणा, मावशी म्हणा, आडनावाने बोलवा, काहीही चालेल. पाणी प्यायला जाण्यासाठी हात वर करून परवानगी मागायला लावू नका. दोन पोरांची आई आहे ती.

टाळ्या वाजवण्याचे खेळ मात्र आजच्या आज थांबले पाहिजेत. बाहेरून एक प्रेरणादायी वक्ता येतो, सगळ्यांना उभं करतो, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावतो, ‘मी करू शकतो’ असं तीनदा ओरडायला लावतो. मला याची चीड येते. दिवसभर उभ्याने काम करून आलेल्या माणसाला प्रथम बसायला खुर्ची हवी असते. आणि जिद्द? ज्याने ओव्हरटाइम सोडला त्याला जिद्द शिकवायची? त्या दोन तासांच्या मानधनात एक जुना मायक्रोमीटर येईल. तो आणा. पाच जणांत एक मायक्रोमीटर असेल तर चार जण वाट बघत बसतात, आणि वाट बघणारा माणूस मोबाईल काढतोच.

जिद्दीचंच म्हणाल तर पार्वतीबाई आठवल्यांचं नाव घ्यावं लागेल. जन्म 1870 चा, कोकणातला. तरुणपणी वैधव्य आलं. त्यानंतर पुण्यात बहिणीकडे, म्हणजे बाया कर्वे यांच्याकडे राहून त्या शिकल्या आणि महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. संस्थेच्या कामाला इंग्रजी हवं, हे त्यांना जाणवलं, तेव्हा वय पन्नाशीकडे झुकलेलं होतं. त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करत राहिल्या आणि भाषा शिकल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची ही विद्यार्थिनी कुणाच्या भाषणाने शिकायला निघाली नव्हती. आपल्याला काय शिकायचं आहे आणि ते कुठे वापरायचं आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. आपल्या वर्गांत आजही अशा बाया येतात. त्यांचा हेतू पक्का असतो. कच्चा असतो तो आपला धडा.

टॅलीच्या क्लासचं थोडक्यात सांगतो. पहिला आठवडा जातो खात्यांचे प्रकार, नियम आणि व्याख्या लिहून घेण्यात. हार्डवेअरच्या दुकानात काउंटर सांभाळणारा माणूस हे लिहून घेतो आणि मनात म्हणतो, माझं बिल कधी येणार? त्याचं बिल पहिल्या दिवशीच आणा. दुकानातलंच आणायला सांगा, नाव झाकून. 10,000 रुपयांचा माल, 18 टक्के जीएसटी. गिऱ्हाईक सांगलीचं असेल तर 900 केंद्राचे आणि 900 राज्याचे. गिऱ्हाईक बेळगावचं असेल तर तेच 1,800 आयजीएसटीच्या एकाच ओळीत. राज्याची हद्द ओलांडली की नोंद बदलते, हे त्याने बिलावर रोज पाहिलं आहे. का बदलते, हे त्याला पहिल्या तासाला कळलं तर तो दुसऱ्या तासाला येईल, आणि त्याच्या मालकालाही चार गोष्टी सांगेल. व्याख्या तिसऱ्या आठवड्यातही लिहून देता येतात. तेव्हा त्या त्याला लागतील, म्हणून तो त्या मागून घेईल.

खरं काम वर्गात आणायचं, ही गोष्ट महाराष्ट्रात करून दाखवलेली आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलांना तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती असं सगळं हाताने करत शिकवलं जातं, आणि शिकताना गावाच्या उपयोगाची खरी कामं केली जातात. बांधलेली वस्तू कुणीतरी वापरणार आहे, हे माहीत असलेला विद्यार्थी वेल्डिंगचा जोड वेगळ्या नजरेने बघतो. मोठ्या विद्यार्थ्याला तर याची जास्तच गरज आहे. त्याला खोटं काम ओळखता येतं. कापून फेकून द्यायच्या जॉबवर तो जीव लावणार नाही. त्याच्या वर्कशॉपमधला तुटलेला ब्रॅकेट आणू द्या, तो करू द्या.

मुक्त विद्यापीठाबद्दलही लिहायला हवं, कारण नोकरी करून शिकणाऱ्यांचा तो महाराष्ट्रातला मोठा आधार आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झालं. शाळा अर्धवट सोडलेल्यांनाही पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत जाता यावं, हे त्याने शक्य केलं. हे मोठं काम आहे. पण सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या संपर्क सत्रात शिक्षक पुस्तकच वाचून दाखवू लागला, तर आठवड्याची एकुलती सुट्टी सोडून आलेल्या माणसाचा तो अपमान आहे. पुस्तक त्याच्याकडे आहे. त्याने ते बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, जमेल तसं वाचलेलं असतं, आणि अडलेल्या जागेवर पेन्सिलीने खूण केलेली असते. सत्राची सुरुवात त्या खुणांनी करा. प्रत्येकाला आपली खूण दाखवू द्या. चार जणांची खूण एकाच पानावर निघाली, तर आजचा धडा ठरला.

परीक्षेचं भय हाही वर्ग रिकामा होण्यामागचा एक मोठा भाग आहे. शेवटची परीक्षा वीस वर्षांपूर्वी दिलेली आणि तीही नापास झालेली, अशा माणसाला सत्राच्या शेवटी एकदम तीन तासांचा पेपर समोर ठेवला, तर तो आजारी पडतो किंवा गावाला जातो. दुसऱ्या आठवड्यातच एक दहा मिनिटांची चाचणी घ्या, हाताने करून दाखवायची, आणि निकाल तिथल्या तिथे त्याच्या कानात सांगा. व्हर्निअरचं माप बरोबर आलं: ठीक. दोन शतांश मिलिमीटरने चुकलं: परत धर, असं बघ, आता सांग. बोर्डावर गुणांची यादी लावू नका. त्याच्या मुलाच्या शाळेतही हल्ली असं करू नये म्हणतात.

आता शिक्षकाकडे वळतो, कारण इथवर वाचून त्याला वाटेल की सगळा दोष माझ्याच डोक्यावर आला. तसं नाही. आयटीआयमधले आणि कॉलेजांतले कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. जितके तास, तितके पैसे. सुट्टी आली की पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावणं येईल याची खात्री नाही. अशा माणसाकडून आपण काय काय मागतो? विद्यार्थ्याचा अनुभव समजून घे, दोन पाळ्यांत शिकव, बिलं गोळा कर, प्रत्येकाच्या कानात निकाल सांग. यातल्या कुठल्या कामाचे पैसे आपण देतो? वर्गातला तास संपला की त्याचं मीटर बंद होतं, आणि तोही पळतो दुसऱ्या संस्थेतला तास गाठायला. मोठ्यांच्या वर्गात शिकवणारा बहुतेक वेळा स्वतःच बेभरवशाच्या कामावरचा मोठा माणूस असतो. त्याला कायम करायला हवं, ही मागणी जुनी आहे आणि योग्य आहे. ती पुरी होईपर्यंत निदान कामाचे पैसे तरी द्या.

त्यातलं एक काम तर ताबडतोब मान्य झालं पाहिजे. ते म्हणजे फोन. सलग दोन तास कुणी आलं नाही, की तिसऱ्या दिवशी फोन गेला पाहिजे. ग्रुपवर टाकलेला सगळ्यांसाठीचा मेसेज याला चालत नाही, आणि ऑफिसमधून हप्त्याची आठवण करून देणारा फोन तर मुळीच चालत नाही. शिकवणाऱ्यानेच करायचा, आणि तोही हजेरीवरून दरडावण्यासाठी नाही. “काय झालं? पोरगं आजारी आहे का? गेल्या दोन तासांत आपण थ्रेड कटिंग घेतलं, शनिवारी अर्धा तास आधी या, मी दाखवतो.” तीन-चार मिनिटांचं बोलणं. यायचं थांबलेला माणूस त्या वेळी मनातून अजून पुरता गेलेला नसतो. महिना उलटला की गेलेला असतो. मग त्याला परत येण्याची शरम वाटते, आणि ती शरम कुठल्याही फीपेक्षा जड असते.

या फोनला आणि त्या शनिवारच्या अर्ध्या तासाला वेळापत्रकात जागा द्या. प्रत्येक वर्गामागे आठवड्याला दोन तास, छापील, नावासकट, वर्गातल्या तासाइतक्याच दराने. खाजगी संस्थांनी ते फीच्या पैशांतून द्यावेत, सरकारी संस्थांसाठी कौशल्य विकास विभागाने तरतूद करावी. आयटीआयचे प्रवेश सुरू होण्याआधी हा निर्णय निघाला, तर ऑगस्टमध्ये बसणाऱ्या वर्गाला तो पहिल्या दिवसापासून लागू होईल.